कात्री नेमकी लहान ताटावरच

राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो त्या दुपारी आपण टीव्हीसमोर बसतो आणि एकच गोष्ट शोधतो: काय स्वस्त झाले, काय महागले. जीएसटी आल्यापासून राज्याच्या अर्थसंकल्पात स्वस्त-महाग ठरवण्यासारखे फारसे उरलेले नाही, तरी सवय जात नाही. अर्थमंत्री मधूनच एखादी चारोळी म्हणतात, बाके वाजतात, संध्याकाळी चर्चेत चार तज्ज्ञ भांडतात. दुसऱ्या दिवशी आपण ते सगळे विसरून जातो. 10 मार्च 2025 रोजी अजित पवार यांनी मांडलेला अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांचा होता. महसुली तूट 45,891 कोटी, डोक्यावरचे कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे. एवढ्या आकड्यांपुढे माणूस दबतो आणि गप्प बसतो. आपली ही चुप्पी सरकारने नीट ओळखली आहे.

कारण खरा निर्णय त्या भाषणात नसतोच. तो आधी किंवा नंतर, एखाद्या आडवारी, दोन-तीन पानांच्या शासन निर्णयात येतो. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारने ठरवले की शाळेत पोषण आहार घेणाऱ्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे, जो अंडे खात नाही त्याला केळे. एका अंड्यामागे पाच रुपये. काही धार्मिक संघटनांनी अंड्याला विरोध केला, तरी योजना सुरू झाली. जानेवारी 2025 च्या अखेरीस नवा शासन निर्णय आला. त्यात अंड्यासाठी आणि खिरीच्या साखरेसाठी सरकारचा निधी बंद झाला. ज्या शाळेला हे पदार्थ द्यायचे असतील तिने ते लोकसहभागातून द्यावेत, असे त्यात सांगितले. यातून वाचणार होते वर्षाला साधारण 50 कोटी रुपये. त्यानंतर दीड महिन्यात मांडलेल्या अर्थसंकल्पाशी हा आकडा ताडून पाहा: चौदा हजार रुपयांत एक रुपया. तेवढ्यासाठी पोरांच्या ताटातले अंडे गेले.

लोकसहभाग म्हणजे कोणाचा सहभाग, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यात एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, उभे राहून सांगा. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. पोडावरच्या शाळा व्यवस्थापन समितीत जे पालक बसतात, ते दिवाळीनंतर दुसऱ्याच्या वावरात किलोच्या भावाने कापूस वेचतात. निंदण संपले की काम संपते, वेचणी संपली की गाव सोडावे लागते. सरकार त्यांना सांगते, तुमच्या लेकरांच्या अंड्याची वर्गणी तुम्हीच काढा. मंत्र्यांच्या बंगल्यांची रंगरंगोटी लोकसहभागातून झाल्याचे आपण कधी ऐकले आहे का? हेलिकॉप्टरच्या इंधनाला, जाहिरातींच्या पानांना वर्गणीचे डबे फिरले आहेत का? हा शब्द फक्त गरिबाच्या पोरापाशी येऊनच का थांबतो?

पण सरकारला शिव्या घालून मोकळे होणे हा आपला आवडता छंद आहे, आणि मला इथे सरकारपेक्षा आपल्याविषयी जास्त बोलायचे आहे. लोकसहभाग आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. यवतमाळ जिल्ह्यातले कोणतेही गाव घ्या. मंदिराच्या कळसाला वर्गणी जमते, जयंतीच्या डीजेला जमते, कबड्डीच्या सामन्यात पुढाऱ्याच्या नावाच्या ढाली घ्यायलाही जमते. देत नाही त्याच्या दारात चौघे जाऊन उभे राहतात. शाळेच्या गळक्या वर्गाचा विषय निघाला की मात्र तोच माणूस म्हणतो, ते सरकारचे काम. म्हणजे सरकार म्हणते लोकांनी पाहावे आणि लोक म्हणतात सरकारने पाहावे. मधल्या मध्ये सात वर्षांचे पोर थाळी घेऊन बसले आहे.

आपल्याला त्याची लाज वाटत नाही, कारण ते पोर आपले नाही. हे कडू आहे, पण खरे आहे. तालुक्याच्या गावी ज्याचा पगार सुरू झाला, त्याने पहिल्यांदा आपले लेकरू जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढले. सरपंचाचे पोर पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाते. कृषी सेवा केंद्रवाल्याचे जाते, पतसंस्थेच्या संचालकाचे जाते, आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचेही बहुधा तिकडेच जाते. मागे राहिली ती शेतमजुराची, कोलामाची, पारधी बेड्यावरची, बंजारा तांड्यावरची पोरे. ज्यांच्या शब्दाला वजन होते ते सगळे शाळेबाहेर पडले आणि मग शाळेच्या ताटावर कात्री चालवणे अगदी सोपे झाले. ज्या ताटात आमदाराचा नातू जेवतो, त्या ताटातले अंडे काढण्याची छाती कोणत्या सचिवाला झाली असती?

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात गाऱ्हाणे नेमके हेच होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. आज त्यांचे नाव कर्जमाफी योजनेला आहे, सावित्रीबाईंचे नाव बालसंगोपन योजनेला आहे. नाव देण्यात आपण कुणाला हार जाणारे नाही.

त्या बालसंगोपन योजनेचेच बघा. आई किंवा बाप गमावलेल्या मुलाला 2023 पासून महिन्याला 2,250 रुपये ठरले आहेत. यवतमाळसारख्या जिल्ह्यात या योजनेचे मोल वेगळे सांगायला नको. इथे 2001 पासून पाच हजारांहून जास्त शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. प्रत्येक नोंदीमागे शाळेत जाणारी एक-दोन पोरे धरा. त्यांचे पैसे वेळेवर येत नाहीत. महिने थकतात, मग एकदम काही हप्ते पडतात, पुन्हा थकतात. दुकानदार उधारी महिन्याच्या महिन्याला मागतो, त्याला 'बीडीएसवर (सरकारच्या निधीवाटप प्रणालीवर) निधी आला नाही' हे उत्तर चालत नाही. उलट 2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर 'लाडकी बहीण' योजनेतल्या बायांना ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे पैसे एकत्र, आगाऊ मिळाले. म्हणजे यंत्रणेला वेळेवर, किंबहुना वेळेआधी पैसे पोचवता येतात. फक्त समोरच्याला मत असावे लागते.

लाडक्या बहिणीविषयी कुत्सित बोलण्याची मध्यमवर्गात सध्या फॅशन आहे. मी तिच्यात सामील नाही. घाटंजी किंवा मारेगाव तालुक्यातल्या बाईच्या खात्यात 1,500 रुपये पडतात तेव्हा घरात तेल येते, पोराची वही येते, दवाखान्याचे भाडे सुटते. नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही, हे तर वेगळेच. फुकट पैसे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या गृहकर्जावरची करसवलत आधी आठवावी. प्रश्न त्या बाईचा नाहीच. प्रश्न आहे तो पैसा कुठून काढला याचा. 2025-26 मध्ये या योजनेला 36,000 कोटींची तरतूद झाली. मे 2025 मध्ये एका महिन्याच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी तिकडे वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी दाखवली. अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनांचा निधी दुसरीकडे वळवू नये, असे नियोजन आयोगाचे स्पष्ट निर्देश होते. आदिवासींच्या वाट्याचा पैसा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा काढून त्यांच्याच विभागाच्या हाती द्यावा, ही सुखटणकर समितीची शिफारस महाराष्ट्राने नव्वदच्या दशकात देशाच्या आधी स्वीकारली होती. त्याचा आपल्याला अभिमान होता. आता त्याच पैशातून आईला 1,500 द्यायचे आणि तिच्याच लेकराच्या आश्रमशाळेचा, वसतिगृहाचा वाटा तिथून उचलायचा, असा हिशेब झाला आहे. यवतमाळ जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार दर शंभरात अठराहून अधिक माणसे अनुसूचित जमातींची आहेत. पांढरकवडा आणि पुसद इथे आदिवासी विकासाची दोन प्रकल्प कार्यालये आहेत. या वळवावळवीविरुद्ध इथून काय आवाज उठला? जे आदिवासी नाहीत त्यांना वाटले, तो त्यांचा प्रश्न. आदिवासी पुढाऱ्यांना वाटले, सरकार आपलेच आहे.

यवतमाळने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, दोघेही पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या नाईक घराण्यातले. त्यातले वसंतराव अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री होते. 1972 च्या दुष्काळात त्यांच्या सरकारने रोजगार हमीची कामे काढली. विचार वि. स. पागे यांचा. त्या कामांना पैसा हवा म्हणून 1975 मध्ये नोकरदारांवर, व्यापाऱ्यांवर, डॉक्टर-वकिलांवर व्यवसाय कर बसवला आणि 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदाच केला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या उपाशी घरासाठी दरमहा काही रुपये द्यायचे, असा तो उघड करार होता. तो कर आजही आहे. पगाराच्या पावतीवर 'प्रोफेशनल टॅक्स' म्हणून दोनशे रुपये कापलेले दिसतात ते हेच. किती जणांना ठाऊक आहे की ते कशासाठी बसवले होते? कर राहिला, करार आपण विसरलो. पन्नास वर्षांपूर्वीचे, आजच्या मानाने दरिद्री असलेले राज्य दुष्काळानंतर नवा कर बसवून गरिबाच्या चुलीची तजवीज करू शकत होते. सात लाख कोटींच्या राज्याला अंड्याला पन्नास कोटी जड झाले. याला आर्थिक शिस्त म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

शिस्तीचा मुद्दा निघालाच आहे तर नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचे पाहू. वर्ध्याजवळच्या पवनारपासून निघून तो यवतमाळ जिल्ह्यातून पुढे जाणार आहे. नागपूरहून समृद्धी महामार्ग आहे, नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. तरी जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने या नव्या रस्त्याच्या भूसंपादन आणि आखणीसाठी 20,787 कोटींना मंजुरी दिली. अंड्याच्या वार्षिक खर्चाने या रकमेला भागा. चारशे वर्षांची अंडी होतात.

आणि पवनार म्हटले की या जिल्ह्याला दुसरीच एक गोष्ट आठवायला हवी. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे 19 मार्च 1986 रोजी बायको आणि चार मुलांना घेऊन पवनारजवळच्या दत्तपूरला गेले आणि त्या सहा जणांनी तिथे जीवन संपवले. थकबाकीसाठी वीज तोडली, उभा गहू वाळला, असे त्यांच्याविषयी आजही सांगितले जाते. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची आठवण ठेवली जाते आणि त्या दिवशी काही माणसे अन्नत्याग करतात. पहिली शेतकरी आत्महत्या म्हणताना आपण एक गोष्ट सोयीने गाळतो: त्या सहांमध्ये चार मुले होती. धोरणाचा घाव बापावर पडला असे आपण लिहितो. तो घरावर पडला होता.

पुढे डिसेंबर 2005 मध्ये राज्याचे पॅकेज आले, 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी जाहीर केले. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत ठरली, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून. त्यालाही अट आहे. सातबारा हवा, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज हवे, वसुलीचा तगादा हवा. बटईने वावर करणारा अपात्र. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नाही ती अपात्र. समितीच्या टेबलावर बाप अपात्र ठरतो आणि मुलांची फी, पुस्तके, एसटीचा पास सगळे त्याच्यासोबत अपात्र ठरते. एक लाखाचा तो आकडा पुढे जवळपास वीस वर्षे जागचा हलला नाही. 2016 मध्ये आमदारांचे वेतन दीड लाखाच्या पुढे नेणारे विधेयक मात्र चर्चेविना मंजूर झाले. त्या दिवशी विरोधी बाकेही गप्प होती.

अंगणवाडीतल्या मुलाच्या आहाराचा दिवसाचा दर 2017 मध्ये आठ रुपये ठरला, तीव्र कुपोषित मुलाचा बारा. डाळीचे, तेलाचे भाव त्यानंतर कुठे गेले हे वाचकांना सांगायला नको. हे दर वाढवू, असे केंद्राने 2025 च्या अर्थसंकल्पात म्हटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि जवळपास 69 टक्के रक्तक्षयी आढळली. ही मुले ज्यांच्या हाती सोपवली त्या अंगणवाडी सेविकांना 4 डिसेंबर 2023 पासून 52 दिवस संपावर बसावे लागले. त्या काळात अंगणवाड्या उघडाव्यात म्हणून गावकऱ्यांनी मोर्चा काढला असता तर लोकसहभाग हा शब्द मी मानला असता. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरीत 31 जानेवारी 2021 रोजी बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले, तेव्हा देशभर बातमी झाली आणि खालच्या तिघांवर कारवाई झाली. अशा केंद्रांवर माणसे किती, प्रशिक्षण किती, देखरेख कुणाची, हे ठरवणाऱ्या वरच्या टेबलांना कुणी हात लावला नाही.

शाळांचीही तीच कथा. पट कमी म्हणून 2017 मध्ये राज्यात 1,314 शाळा बंद करण्याचे ठरले. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करण्याचा घाट घातला गेला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांवर भरल्या. मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकपदे मंजूर करण्याच्या, निकषांनी छोट्या शाळांचे शिक्षक आणखी कमी केले. कागदावर हे सगळे शहाणपणाचे वाटते: दहा पोरांना दोन मास्तर कशाला? पण पोड हे पोडच असते, तिथे पट चाळीस कुठून होणार? शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत सांगितली आहे ती उगाच नाही. राळेगाव-पांढरकवड्याच्या ज्या टापूत टी-1 वाघिणीने माणसे मारली आणि 2018 च्या नोव्हेंबरात तिला गोळी घालावी लागली, त्या टापूत पहिलीच्या पोरीला पलीकडच्या गावी शाळेला पाठवा म्हणणे सोपे असते मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून. आई तिला पाठवत नाही. ती तिला धाकट्याला सांभाळायला घरी ठेवते, दोन वर्षांनी पऱ्हाटीत नेते, आणि मग आपण परिसंवाद भरवतो की आदिवासी मुलींची गळती का होते.

तिजोरीत पैसा आणायचा कसा, याचे उत्तर सरकारकडे तयार आहे. जून 2025 मध्ये विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले; त्यातून वर्षाला 14,000 कोटी जास्तीचे येतील असा अंदाज सांगितला गेला. यवतमाळच्या शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, चंद्रपुरातली बंदी 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. यवतमाळच्या बायांनी 'स्वामिनी' नावाने एकत्र येऊन वर्षानुवर्षे दारूबंदीसाठी मोर्चे काढले, गावोगाव ठराव केले. त्यांना बंदी मिळाली नाही, आश्वासने मिळाली. ज्या घरातला बाप दारूच्या दुकानात मजुरी ओततो, त्या घराकडून राज्य महसूल घेते. त्याच घरातल्या पोराला अंडे द्यायला राज्यापाशी पैसा नसतो. बंदीने दारू खरेच थांबते का, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात, माझ्या मनातही शंका आहेत. पण बापाच्या व्यसनातून आलेल्या पैशातला एक वाटा कायद्याने त्याच्या लेकरांच्या नावे बांधून ठेवा, एवढे म्हणायला तरी कुणाची हरकत असावी? विधानसभेत तेही कुणी म्हणत नाही.

म्हणून वाचकहो, उपास करू नका, निवेदन देताना फोटो काढू नका. यवतमाळ जिल्ह्याला सात आमदार आहेत: वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड. त्यातल्या राळेगाव आणि आर्णीच्या जागा आदिवासींसाठीच राखीव आहेत, उमरखेडची अनुसूचित जातींसाठी. पुढच्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदाराला गाठा आणि चारचौघांत विचारा: पोषण आहारातले अंडे पुन्हा सरकारी खर्चाने सुरू करा म्हणून तुम्ही सभागृहात प्रश्न लावला का? बालसंगोपनाचे थकलेले महिने किती, याची माहिती मागितली का? आदिवासी विभागाचे वळवलेले पैसे परत मागितले का? ग्रामसभेत हेच प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या, ग्रामपंचायत अधिकारी टाळाटाळ करील, तरी लिहून घ्या. आणि ज्याने यातले काहीच विचारले नाही, तो आमदार पुढच्या निवडणुकीत तुमच्या जातीचा, तुमच्या पक्षाचा, तुमच्या सोयऱ्याचा असला तरी त्याला मत देऊ नका.